प्रश्न पुन्हा वाचा

बटण दाबून झालं आणि मग हिल्केला आपण काय दाबलं ते कळलं. तोंडात पावाचा घास होता, चीज दाढेला चिकटलेलं, डाव्या हातात ताकाचा पेला, आणि उजव्या हाताच्या बोटानं आपलं नेहमीचं काम परस्पर उरकून टाकलं होतं. ‘प्रश्न पुन्हा वाचा.’ एवढंच उत्तर. सकाळी दहापासून खालच्या सभागृहात बेचाळीस संघ प्रोग्रॅम लिहीत बसले होते आणि त्यांच्याकडून येणाऱ्या शंकांपैकी बहुतेकींना तिनं हेच पाठवलं होतं. टंकावंसुद्धा लागत नाही, त्यासाठी निराळं बटणच करून ठेवलेलं. पण ह्या खेपेला बटण दाबून झाल्यावर नजर मात्र मूळ शंकेवर रेंगाळली, आणि तिनं ती वाचली. ‘एच प्रश्नात बोट जागची हललीच नाही, तर एकही पूल उघडावा लागत नाही. म्हणजे उत्तर शून्य. कृपा करून तुमचं उत्तर एकदा तपासून बघाल का?’ पाठवणार संघ पाणकोंबड्या. फ्रीसलँड प्रांतातल्या कुठल्याशा लहान कॉलेजातल्या तीन मुली, बरोबर शिक्षक नाही, कुणी नाही. एकाच प्रश्नावर तिसरी शंका. हिल्के चावायची थांबली. शून्य. अर्थात शून्य! मग आपल्याकडे काय आहे? तिनं परीक्षकांची उत्तरं उघडली. तिथं एक होता.

घड्याळात दोनला दहा कमी होते. तीन वाजता स्पर्धा संपणार होती. हिल्केनं ताकाचा पेला खाली ठेवला तो थेट सहपरीक्षक रूलोफच्या कागदांवर, आणि रूलोफ “अगं, माझा कागद!” म्हणाला तरी तिला ऐकू गेलं नाही. प्रश्नांना ए, बी, सी अशी नावं, त्यातला एच साधा होता, इतका साधा की तो मुद्दाम सगळ्यांना जमावा म्हणून घातलेला. कालव्यांचं गाव. बोट एका पुलाशी बांधलेली. निघायचं तर आधी तोच पूल उघडावा लागतो, मग वाटेतले बाकीचे. दुसऱ्या एका पुलापाशी पोचायचं, तर कमीत कमी किती पूल उघडावे लागतील? म्हणजे मोजायला एकापासून सुरुवात करायची आणि पुढे मोजत जायचं, संपलं. फक्त प्रश्नात खाली एक ओळ होती, की निघायची आणि पोचायची जागा एकच असू शकते. तशी ती असली तर बोट निघतच नाही, दोर सुटत नाही, पूल उघडत नाही. शेंबड्या पोराला कळेल. पण एकापासून मोजणाऱ्याला ते दिसत नाही, त्याच्या हातात तो एक आधीच आलेला असतो. परीक्षकांचं उत्तर लिहिणाऱ्या वीब्रनला तो दिसला नव्हता. आणि खालच्या तेवीस संघांना दिसला नव्हता, त्यांनीही एकच मोजला होता, आणि त्या तेवीस टेबलांवर एच सुटल्याचा जांभळा फुगा डोलत होता. परीक्षकांनी जी घोडचूक केली तीच ज्यांनी केली, ते पास. ज्यांनी विचार केला, ते नापास. सहा वेळा! पाणकोंबड्यांनी अकरा वाजून पाच मिनिटांनी बरोबर उत्तर पाठवलं, त्यांना ‘चूक’ म्हणून सांगण्यात आलं, मग त्यांनी दुसऱ्या तऱ्हेनं लिहून तेच बरोबर उत्तर पाठवलं, पुन्हा चूक, मग तिसऱ्या. पावणेतीन तास त्या पोरी एका बरोबर उत्तरात चूक शोधत होत्या, आणि त्यांनी तीनदा विचारलं, आणि तीनदा आपण त्यांना सांगितलं की प्रश्न पुन्हा वाचा.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते हिल्केला कधी कुणी विचारलं असतं तर तिनं हसण्यावारी नेलं असतं. ती शांत बाई म्हणून प्रसिद्ध होती. त्रेपन्न वर्षं वय, पाणी-मंडळात नोकरी, सखल जमिनीतलं पाणी समुद्रात टाकणारे पंप कधी चालू करायचे आणि कधी बंद ते ठरवणारे प्रोग्रॅम लिहायचं काम, आणि वर्षातून एक शनिवार ह्या स्पर्धेला. एकोणीस वर्षं. मानधन नाही, प्रवासखर्च सुद्धा स्वतःच करायचा, मिळतो तो पाव, चीज आणि छातीवर लावायला एक बिल्ला. फुकट करतो म्हणून आपण चांगले, असं ह्या खोलीतल्या सगळ्यांना आतून वाटतं, हिल्केलाही वाटत आलं होतं. आता तो बिल्ला छातीवर टोचायला लागला. तिनं तो काढून टेबलावर फेकला. ‘प्रश्न पुन्हा वाचा’ हे उत्तर तिनंच बारा वर्षांपूर्वी ठरवून दिलं होतं. त्या साली कुणी एक बोलघेवडा परीक्षक शंका विचारणाऱ्यांना प्रेमानं लांबलचक उत्तरं द्यायचा आणि त्यातून एका संघाला आयतं गुपित कळलं होतं. तेव्हा हिल्के बैठकीत म्हणाली होती, सगळ्यांना एकच कोरडं उत्तर द्यायचं, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. केवढी न्यायी कल्पना! टाळ्या पडल्या होत्या. आणि बारा वर्षांत त्याचं असं झालं की उत्तर ठरलेलं आहे म्हटल्यावर शंका वाचायचं कारणच उरलं नाही.

“एच चुकलाय,” ती म्हणाली.

“कुणाचा?” वीब्रननं मान वर न करता विचारलं. तो मुख्य परीक्षक, अठ्ठावन्न वर्षांचा, इथंच शिकवणारा, ही स्पर्धा त्यानं वीस वर्षं आपल्या खांद्यावर वाहिलेली. बक्षीस समारंभाचं भाषण लिहीत होता.

“आपला.”

रूलोफ खुर्चीसकट तिच्याकडे घरंगळत आला. तो सगळ्यांत लहान, पीएचडी करणारा, दाढीत सदा पावाचा चुरा. त्यानं पडद्यावर पाहिलं, ओठ हलवत एकदा मोजलं, आणि म्हणाला, “आई शप्पथ! बोट हललीच नाही तर शून्य. अरे, हे आपल्याला कसं नाही दिसलं?”

वीब्रन उठून आला. चष्मा कपाळावर सरकवून त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं. त्याच्या मानेवर तांबडं चढत गेलं. हिल्केला वाटलं, आता हा म्हणेल की लगेच दुरुस्त करा. एकोणीस वर्षांत तिनं त्याला फारसं चुकताना पाहिलं नव्हतं, म्हणून तो चुकल्यावर काय करतो हे तिला ठाऊकच नव्हतं. तो म्हणाला, “किती संघांचं अडकलंय?”

“एकाचं.”

“फक्त एका?” त्यानं श्वास सोडला. तो श्वास हिल्केला दिसला, ऐकू आला, आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली.

“फक्त एका म्हणजे? तेवीस चुकलेत आणि एक बरोबर आहे, वीब्रन.”

“आवाज खाली. हे बघ, तेवीस टेबलांवरून फुगे काढून आणायचे? स्पर्धेला तास उरलेला असताना? वेडी झालीस का तू? आजवर कुणाचा फुगा परत घेतलेला नाही आपण.”

“फुगे राहू देत. त्या जागी एक आणि शून्य दोन्ही बरोबर धरू. पण आत्ता. आत्ताच्या आत्ता त्यांना सांगू.”

“शेवटच्या तासात गुणफलक गोठवलेला असतो. काही हलवायचं नाही, हा नियम आहे, तुलाही माहीत आहे. तीन वाजता स्पर्धा संपली की शांतपणे दुरुस्त करू. त्यांना त्यांचा गुण मिळेल. झालं.”

“गुण मिळेल. आणि पावणेतीन तास?”

“ते कुणीच परत देऊ शकत नाही,” वीब्रन म्हणाला, आणि ते इतकं खरं होतं की हिल्केला त्याची गचांडी धरावीशी वाटली. “आणि चाचणी सगळ्यांना एकच होती. चुकीची असेल, पण सगळ्यांना सारखीच.”

सगळ्यांना सारखीच. हे शब्द तिनं आधी ऐकलेले होते, ह्याच चालीत, वाळूत गुडघे टेकून बसलेल्या माणसाच्या तोंडून. तिचे वडील, डाउवे, गावच्या उड्यांचे मोजणारे. दर उन्हाळ्यात कालव्यात लांबलचक खांब रोवून, त्यावर धावत चढून, पलीकडच्या वाळूत उडी मारायची, आणि ती किती लांब गेली ते वडिलांनी फीत लावून सांगायचं. तेही फुकट, बिल्ल्यासाठी. फितीचं एक टोक खिळ्याला अडकवलेलं आणि दुसरं वडिलांच्या हातात, आणि फीत पाण्यात लोंबू नये म्हणून मधे धरायला हिल्के, अकरा वर्षांची, पायात रबरी बूट. काठावर खिळे दोन असायचे, एक मोठ्यांसाठी, एक मुलांसाठी, चाळीस सेंटिमीटर मागेपुढे. एका वर्षी चौथी उडी झाल्यावर फीत सुटली आणि वडिलांनी ती पुन्हा अडकवली ती दुसऱ्या खिळ्याला. पाचव्यापासून पुढे प्रत्येकाला चाळीस सेंटिमीटर फुकट. हिल्केनं पाहिलं होतं. ती म्हणालीही होती, बाबा, खिळा. वडिलांनी खिळ्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, चार-पाचशे माणसं काठावर, बँड वाजतोय, आणि हळूच म्हणाले, गप्प बस, सगळ्यांना सारखंच आहे. पण सारखं नव्हतं ना! पहिल्या चौघांना नव्हतं. त्यातला दुसरा, दुधाच्या टँकरवरचा ड्रायव्हर, त्या दिवशी सगळ्यांत लांब गेला होता आणि पाचवा आला. संध्याकाळी वडिलांनी हिल्केला आइसक्रीम घेऊन दिलं, दोन गोळ्यांचं, न मागता. तिनं ते चाटूनपुसून खाल्लं. त्याचा राग तिला वडिलांवर आला होता तेवढाच स्वतःवर, पण स्वतःवरचा राग माणूस कुठेतरी ठेवून विसरतो. पुढं वडिलांना चाळीस वर्षांच्या सेवेबद्दल पितळी पाटी मिळाली. त्यांच्या अंत्ययात्रेत कुणीतरी म्हणालं होतं, डाउवेच्या फितीवर डोळे झाकून विश्वास ठेवावा. हिल्केनं मान डोलावली होती. मान डोलावण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही.

“पण मला एक कळत नाही,” रूलोफ म्हणाला. तो आपला जुन्या फायली चाळत होता, त्याच्या मनात काही नव्हतं. “प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघं परीक्षक वेगवेगळं लिहितात, एकमेकांचं न बघता. त्यासाठीच तर लिहितात. एचचं दुसरं उत्तर कुणाचं होतं?”

“माझं,” हिल्के म्हणाली.

“मग दोघांनाही सेम टू सेम चूक? काय योगायोग आहे!”

“होतं असं,” वीब्रन म्हणाला. “सोप्या प्रश्नात माणूस बेसावध असतो.”

 हिल्केचे कान तापले. फेब्रुवारीतली ती दुपार. वाऱ्यानं समुद्र आत ढकलला होता, तीन पंप बंद पडले होते, आणि वीब्रनचं तिसरं स्मरणपत्र आलं होतं की एचचं उत्तर आज हवंच. तिनं स्वतः लिहायला घेतलं. मग फक्त, फक्त आकडे कसे वाचून घ्यायचे ते बघायला म्हणून वीब्रनची फाइल उघडली. पाच मिनिटं. पहिल्या ओळीत त्यानं मोजणी एकापासून सुरू केलेली होती. तिनं फाइल बंद केली, आणि आपलं स्वतःचं उत्तर लिहायला बसली, आणि एकापासून सुरुवात केली. नक्कल केली असं तिला वाटलंही नाही. मग यादीत ‘स्वतंत्रपणे लिहिले’ ह्या चौकटीत बरोबरची खूण केली आणि पंपांकडे वळली. दोन वेगळे डोळे हवेत म्हणून एवढा खटाटोप, आणि तिनं आपले डोळे त्याच्या डोळ्यांच्या मागे नेऊन ठेवले. आणि आता ती वीब्रनला फाडून खायला निघाली होती! तिला आपलीच शिसारी आली. पण गंमत अशी की त्यामुळं वीब्रनवरचा राग कमी झाला नाही. उलट वाढला. आपण दोघं सारखेच, हा विचार तिला सहन होईना, आणि त्याचं खापर तिनं त्याच्याच डोक्यावर फोडलं.

“आत्ता सांगायचं,” ती ओरडली. “तू नाही सांगितलंस तर मी खाली जाऊन सांगते!”

“परीक्षकानं स्पर्धा चालू असताना सभागृहात पाय ठेवायचा नाही.”

“नियम शिकवतोस मला? एकोणीस वर्षं झाली!”

“म्हणूनच म्हणतो, जरा डोकं ठिकाणावर ठेव. एका संघासाठी तू बाकी एक्केचाळीस जणांचा तास नासवणार?”

असं ते चाललं. किती वेळ चाललं ते हिल्केला कळलं नाही, हेच तर वाईट झालं. वीब्रन आकडे मांडत राहिला. एच धरला तर पाणकोंबड्यांचे सात प्रश्न होतात, पुढच्या फेरीला दोन संघ जातात, त्या तिसऱ्या. म्हणजे एच मिळूनही त्या जात नाहीत. मग आत्ता सांगा नाहीतर तीनला सांगा, फरक काय? “फरक हा,” रूलोफ मधेच म्हणाला, “की आत्ता सांगितलं तर त्या एच सोडून दुसऱ्या प्रश्नाला लागतील. आठवा सुटला तर दुसऱ्या येतात.” वीब्रननं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा पडद्यात शिरला. पण ते बोलून झालं होतं. वीब्रन खुर्चीत बसला, दोन्ही हातांनी तोंड चोळलं, आणि एकदम म्हातारा दिसायला लागला. “ठीक आहे,” तो म्हणाला. “चालव पुन्हा. मी सूचना लिहितो.” उत्तरं पुन्हा तपासायला चार मिनिटं लागली. वीब्रननं सूचना लिहिली ती अशी: ‘काही तांत्रिक कारणामुळे एच प्रश्नाच्या निकालात किरकोळ दुरुस्ती करण्यात आली आहे.’ हिल्केनं ती वाचली. तांत्रिक कारण. करण्यात आली आहे. कुणी केली, कुणाची चूक, कुणाचे पावणेतीन तास, काही नाही, जणू छपरातून गळती झाली आणि कुणीतरी बादली ठेवली. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती. ती उठली, आणि जिना उतरून सभागृहात गेली.

आत माणसांचा उबट वास होता, संत्र्यांच्या सालींचा, आणि सव्वाशे कळफलकांची खडखड. फुग्यांचे दोरे टेबलांच्या पायांना बांधलेले. दारावरच्या स्वयंसेविकेनं तोंड उघडलं आणि हिल्केचा चेहरा पाहून मिटलं. पाणकोंबड्यांचं टेबल अगदी मागं, खिडकीशी. सहा फुगे, त्यात जांभळा नाही. दोघीच बसल्या होत्या. तिसरी खुर्ची टेबलाखाली नीट सरकवून ठेवलेली.

“मी परीक्षक,” हिल्के म्हणाली. “एचचं तुमचं उत्तर बरोबर होतं. पहिल्यापासून. चूक आमची होती. तो धरलाय आता, तुमचे सात झाले. त्याचा नाद सोडा आणि पुढचा घ्या.”

एक मुलगी, ब्रेख्त्ये, तिच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर नाव होतं, तोंडावर हात धरून बसून राहिली. दुसरी, यिल्दाऊ, उंच, केस कानामागं घट्ट खोचलेले, तिनं हिल्केकडे बराच वेळ पाहिलं. रागानं नाही. कोऱ्या डोळ्यांनी.

“पहिल्यापासून?”

“हो. अकरा-पाचपासून.”

“तेव्हा शून्य होतं त्यात.”

“शून्यच बरोबर आहे.”

“तिसरी कुठंय म्हणून विचारा ना,” यिल्दाऊ म्हणाली. “बाई, विचारा. सीत्स्के कुठंय विचारा.”

हिल्केनं विचारलं नाही. तिला कळलं.

“ते शून्य सीत्स्केनं लिहिलं होतं. मी तिला म्हटलं, काढ. नाही म्हणाली. मी म्हटलं, एवढे मोठे परीक्षक चूक कसे असतील, तुला काय त्यांच्यापेक्षा जास्त कळतं? वर्षभर आम्हाला खड्ड्यात घालत आलीस, असं म्हटलं मी तिला. शेवटची शंका तिनंच पाठवली. तुमचं उत्तर आलं, ते तिनं मोठ्यानं वाचलं, जाकीट घेतलं आणि गेली. बाहेर गेलं की परत येता येत नाही, नियम आहे. दोन-अठराच्या गाडीनं गेली असेल.” तिच्या आवाजात काहीच चढलं-उतरलं नाही. “माझी चुलतबहीण आहे ती. आमचं हे शेवटचं वर्ष होतं.”

दोन-अठराची गाडी. दोनला दहा कमी असताना हिल्केला कळलं होतं. जिना उतरायला एक मिनिट लागतं. ती पोरगी स्टेशनवर उभी असताना इथं वर तांबड्या मानेचा एक माणूस आणि घामेजलेली एक बाई एकमेकांवर ओरडत होती, कुणाचा नियम मोठा म्हणून. “तिचा नंबर दे,” हिल्के म्हणाली. यिल्दाऊनं रफ कागदाच्या कोपऱ्यावर पाठ असलेला नंबर लिहिला, फाडून दिला, आणि लगेच दुसऱ्या प्रश्नाचा कागद ओढला. “तुम्हीच सांगा तिला,” ती कागदाकडे बघत म्हणाली. “मला आत्ता वेळ नाही.”

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये कोट टांगलेले होते, एकशे पंचवीस, आणि एक खुंटी रिकामी. हिल्केनं त्यांच्यात उभं राहून फोन लावला. तिसऱ्या घंटेला उचलला. मागं गाडीची घरघर, कुणाचं तरी लहान मूल.

“सीत्स्के? मी हिल्के. स्पर्धेची परीक्षक. तुझं शून्य बरोबर होतं. आमच्याकडे चूक होती. आत्ता दुरुस्त केली.”

 “आत्ता?”

“दहा मिनिटांपूर्वी.”

“मी बाउटेनपोस्ट स्टेशनच्या पुढं आलेय.”

“ठाऊक आहे. म्हणजे, अंदाज होता. मला फार वाईट—”

“बाई, थांबा,” मुलगी म्हणाली. ती रडत नव्हती, निदान रडल्यासारखा आवाज नव्हता, अभ्यासातलं काहीतरी विचारावं तसा होता. “तुमची नियमावली मी वाचलीये. पूर्ण. एका प्रश्नाचं उत्तर दोन परीक्षक वेगवेगळं लिहितात, एकमेकांचं न बघता. मला सारखं हेच वाटत होतं, की एकजण चुकेल, दोघं कसे चुकतील? म्हणून शेवटी मीच चुकले असणार असं वाटलं. अजून गाडीत बसून तेच शोधत होते मी. मग दोघांचंही चुकलं कसं?”

वर वीब्रननं हा प्रश्न विचारला नव्हता. रूलोफनं विचारून सोडून दिला होता. हिल्केनं समोरच्या कोटाची बाही धरली. कुणाची कोण जाणे, लोकरीची, ओलसर. सोप्या प्रश्नात माणूस बेसावध असतो, असं म्हणता आलं असतं. वाऱ्यावर, पंपांवर, कशावरही ढकलता आलं असतं, आणि ह्या मुलीनं ते ऐकूनही घेतलं असतं, ती तशी होती.

“दुसरं उत्तर माझं होतं,” हिल्के म्हणाली. “मी पहिल्याचं बघून लिहिलं. आणि बघितलं नाही अशी खूण केली. आणि तुमच्या पहिल्या दोन्ही शंका मी वाचल्याच नाहीत. नुसतं बटण दाबलं.”

गाडी कुठल्यातरी पुलावरून गेली असावी, आवाज पोकळ झाला, पुन्हा भरीव झाला.

“हे माहीत आहे तिथं कुणाला?”

“नाही.”

“मग मला एकटीला काय सांगता?” सीत्स्के एकदम ओरडली. आत्तापर्यंत आवरलेलं सगळं त्यात होतं. “मला सांगून मोकळ्या व्हायचंय तुम्हाला? तिथं सांगा! यिल्दाऊला ऐकू येईल असं सांगा! ती मला काय काय बोलली त्या सगळ्यांच्या देखत, माहीत आहे तुम्हाला? शेजारची टेबलं हसत होती, बाई!” आणि फोन बंद झाला.

हिल्के परत आत गेली. दारातली स्वयंसेविका ह्या वेळी बाजूलाच झाली. पुढच्या चौथऱ्यावर ध्वनिक्षेपक होता, समारंभासाठी तयार ठेवलेला. वर परीक्षकांच्या खोलीच्या काचेमागं वीब्रन उभा राहिलेला तिला दिसला, दोन्ही तळवे काचेला लावून मान हलवत, नको, नको. हिल्केचा राग अजून होता, पुरता होता, फक्त आता तो इकडं तिकडं धावत नव्हता. तिनं बटण दाबलं. कर्कश शिट्टी घुमली आणि सगळी खडखड थांबली.

“एच प्रश्नात चूक आमची होती,” ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला चारी भिंतींवरून ऐकू आला. “बोट हलली नाही तर उत्तर शून्य. हे ह्या सभागृहात एका मुलीला बरोबर आलं होतं, सीत्स्केला, पाणकोंबड्यांच्या. तिला आम्ही सहा वेळा चूक म्हटलं, आणि ती निघून गेली. तांत्रिक कारण वगैरे काही नाही. परीक्षकांचं दुसरं उत्तर मी नक्कल करून लिहिलं होतं आणि नक्कल केली नाही असं सांगितलं होतं. माझं नाव हिल्के. तुमचा कुणाचाही जांभळा फुगा जाणार नाही. झालं एवढंच.”

सव्वाशे माना वर झालेल्या होत्या. कुणीतरी हसलं, कुणी शेजाऱ्याला काही विचारलं, कुणी खिडकीजवळच्या टेबलाकडे वळून पाहिलं. ब्रेख्त्ये रडत होती. यिल्दाऊची मान तेवढी वर झाली नाही. तिनं डाव्या हाताच्या पाठीनं एकदा डोळे पुसले आणि तोच हात पुन्हा कळफलकावर ठेवला. तिच्याकडे एकोणीस मिनिटं होती.